परसातला राजगिरा : एकाच वाफ्यातून भाजी आणि धान्य

उपासाच्या लाडवांना लागणारा राजगिरा आणि भाजीबाजारात जुडीने मिळणारे माठ व तांदुळजा ही सारी अमॅरँथस या एकाच प्रजातीतील, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटातील, पिके आहेत. गहू, ज्वारी, बाजरी ही धान्ये गवताच्या कुळातली, तर राजगिरा हा पालक, बीट आणि चाकवत यांच्या कुळातला असल्यामुळे वनस्पतिशास्त्रात त्याला ‘छद्मधान्य’, म्हणजे धान्यासारखे वापरले जाणारे परंतु गवतवर्गात न मोडणारे बी, असे म्हणतात. राजगिऱ्याची कोवळी पाने माठासारखीच खाता येत असल्याने थोड्याशा जागेतून भाजी आणि दाणे असे दुहेरी उत्पन्न घेणे घरच्या बागेतही शक्य होते; मात्र त्यासाठी या दोन्हींच्या गरजा परस्परविरोधी आहेत, हे आधी ध्यानात घ्यावे लागते.

दाण्याच्या राजगिऱ्याचे मूळ अमेरिका खंडात आहे. मेक्सिकोतील ॲझटेक राज्यात तो खंडणी म्हणून गोळा केला जाई आणि त्याच्या पिठाच्या देवमूर्ती करून त्या धार्मिक विधींत वापरल्या जात. १५२१ मध्ये स्पॅनिशांनी त्या राज्याचा पाडाव केल्यावर हे विधी दडपले गेले व पिकाचेही महत्त्व ओसरले, तरी लाह्या आणि पाक यांची ‘अलेग्रिया’ नावाची वडी तेथे आजही विकली जाते आणि ती आपल्या राजगिरा चिक्कीची सख्खी बहीण शोभते. भारतात हे पीक उत्तराखंड व हिमाचल प्रदेशातील डोंगरउतारांवर पावसाळ्यात, तर गुजरातसारख्या सखल प्रदेशात रब्बी हंगामात घेतले जाते. महाराष्ट्रात त्याचे स्थान एकादशीच्या फराळात पक्के आहे, तर ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाविना पिकलेले खाण्याच्या प्रथेमुळे परसातल्या माठाचे देठ ऋषीच्या भाजीत आवर्जून पडतात.

भाजीसाठी रोपे दाट हवीत, कारण दाटीत खोड कोवळे राहते आणि साधारण चार आठवड्यांत काढणी करता येते. दाण्यासाठी मात्र दीड ते दोन मीटर उंच वाढणाऱ्या झाडाला हातपाय पसरण्याएवढी जागा व सुमारे साडेतीन ते चार महिने द्यावे लागतात. हा पेच विरळणीने, म्हणजे जास्तीची रोपे टप्प्याटप्प्याने उपटून काढण्याने, सुटतो. दोन ओळींत सुमारे ४५ सेंटिमीटर अंतर ठेवून बी दाट पेरावे, रोपे वीतभर झाली की एकाआड एक उपटून त्यांची भाजी करावी आणि शेवटी दोन झाडांत १५ ते २० सेंटिमीटर अंतर राहील असे पाहावे. राखलेल्या झाडांची खालची चार पाने खुडल्याने फारसे बिघडत नाही. शेंडा मात्र खुडू नये, कारण त्यामुळे फांद्या फुटून अनेक लहान कणसे येतात व ती एका वेळी पिकत नाहीत.

राजगिऱ्याचे बी जेमतेम एक मिलिमीटर व्यासाचे असून एका ग्रॅममध्ये हजाराहून अधिक दाणे मावतात, म्हणून ते बारीक वाळूत मिसळून पेरावे, वर अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त माती लोटू नये आणि उगवण होईपर्यंत झारीने हलके पाणी द्यावे. सखल महाराष्ट्रात दाण्यासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरची पेरणी सोयीची पडते, कारण मग कणसे कोरड्या हवेत पिकतात. कुजलेले शेणखत पुरेसे होते. नत्र अधिक झाल्यास झाडे माजून लोळतात आणि पानांत नायट्रेट साठते. पाने जाळीने गुंडाळून खाणारी अळी दिसताच ती पाने तोडून नष्ट करावीत.

कणीस पिकल्यावरही त्याचा लाल रंग टिकू शकतो, त्यामुळे रंगावरून काढणी ठरवता येत नाही. खालची पाने पिवळी पडू लागली आणि कणीस तळहातावर चोळताच दाणे सुटले, की ते कापावे. उशीर केल्यास दाणे जमिनीवर गळतात. कणसे कापडावर वाळवून, बडवून, पिठाच्या चाळणीतून चाळली की दाणे खाली पडतात, कोंडा वर राहतो, आणि उरलेला भुसा सुपाने पाखडून काढता येतो. लाह्यांसाठी लोखंडी कढई चांगली तापवून त्यात एका वेळी चमचाभरच राजगिरा टाकावा व सुती कापडाच्या बोळ्याने तो सतत फिरवावा, म्हणजे दाणे न करपता फुलतात.

या दाण्यात सुमारे १३ ते १४ टक्के प्रथिने असतात आणि गहू-तांदळात कमी पडणारे लायसीन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाचा एक घटक, त्यात चांगल्या प्रमाणात असते. शिवाय गव्हातील ग्लुटेन त्यात नसते. पानांतून कॅल्शियम, लोह आणि शरीरात अ जीवनसत्त्वात रूपांतरित होणारे बीटा-कॅरोटीन मिळते. पानांत ऑक्झॅलेटही बरेच असल्याने मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी भाजी बेतानेच खावी आणि ती उकडून पाणी टाकून द्यावे.

उत्पन्नाबाबत भ्रम नसावा. शेतात हेक्टरी १० ते १५ क्विंटल राजगिरा मिळतो, असे धरले तर एका चौरस मीटरमधून १०० ते १५० ग्रॅम, म्हणजे फार तर एका वेळच्या लाडवांपुरते दाणे हाती येतील; वाफ्याचा खरा लाभ विरळणीच्या भाजीत आहे. दाण्याचा राजगिरा पांढुरका, तर माठाचे बी काळे व चकचकीत असते. परागकण वाऱ्याने पसरून त्यांचा संकर होऊ शकत असल्याने काळे दाणे देणारी झाडे बियाण्यासाठी राखू नयेत. पांढुरक्या दाण्यांचे एक भरदार कणीस वेगळे वाळवून ठेवावे. पुढच्या हंगामातील संपूर्ण वाफ्याला तेवढे बी पुरून उरते.