शेजारच्या तुऱ्याचा गुण

बारावीला आनुवंशिकता शिकवताना मेंडेलचा वाटाणा मला कधीच पुरला नाही. शेंगेत दाणे सात-आठ; तीनास एक हे प्रमाण पोरांना दाखवायचं तर शेंगांचा ढीग लागतो. मक्याच्या एका कणसात चारशे-पाचशे दाणे सहज भरतात आणि प्रत्येक दाणा हे वेगळं लेकरू. आई एकच, बाप मात्र दाण्यागणिक वेगळा असू शकतो. कणसाच्या टोकाला लोंबणारा एकेक केस एकेका दाण्याचा. त्यावर ज्या तुऱ्याचा पराग पडेल, तो त्या दाण्याचा बाप.

एक जुना विद्यार्थी स्वीट कॉर्नची कणसं घेऊन आला. गोड दाण्यांत मधूनमधून फिके, पिठूळ दाणे. "सर, बियाण्यात भेसळ आहे," म्हणाला.

"शेजारी काय लावलंय?"

"मकाच. कोंबडीखाद्याची."

मग बियाण्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. भेसळ वाऱ्यावरून आली होती.

स्वीट कॉर्नची गोडी म्हणजे खरं तर एक बिघाड आहे. साध्या मक्याच्या दाण्यात साखरेचा स्टार्च होत जातो. जुन्या गोड वाणांत चौथ्या गुणसूत्रावरचं एक जनुक नादुरुस्त असतं, त्यामुळे हे काम नीट होत नाही आणि साखर उरते. त्या जनुकाची एक जरी चांगली प्रत मिळाली तरी काम भागतं. म्हणून पिठूळपणा प्रभावी, गोडी अप्रभावी. प्रभावी म्हणजे बलवान किंवा सरस, असं पोरं वर्षानुवर्षं लिहितात आणि मी लाल रेघ मारत आलो. बाजारात भाव अप्रभावी गुणालाच आहे!

आता खरी गंमत. आपण खातो तो दाण्यातला भाग म्हणजे मुख्यतः भ्रूणपोष. रशियन शास्त्रज्ञ नवाशिन यांनी 1898 मध्ये दाखवलं की परागातून येणाऱ्या दोन पुंयुग्मकांपैकी एक गर्भ घडवतं आणि दुसरं भ्रूणपोष. पुढच्याच वर्षी द व्ह्रीस आणि कोरेन्स यांनी त्यावरून मक्याचं कोडं सोडवलं: बापाचा गुण पुढच्या पिढीची वाट न पाहता त्याच कणसात कसा दिसतो. भ्रूणपोषात जनुकांचे तीन संच असतात, दोन आईकडचे, एक बापाकडचा. माझ्या विद्यार्थ्याच्या कणसांत आईच्या दोन्ही प्रती नादुरुस्त होत्या, शेजारून आलेली एकच चांगली. तेवढीने दाणा पिठूळ झाला.

उलट, त्याचा पराग शेजाऱ्याच्या मक्यावर पडला तरी तिकडे काहीच दिसत नाही. गोडी तिथे लपून राहते. असा दाणा पेरून त्या रोपाचे केस त्याच्याच तुऱ्याने फळवले, तर वाळलेल्या कणसात साधारण चौथा हिस्सा दाणे सुरकुतलेले निघतात. तेच गोड.

उपाय सोपा आहे, गावात जमवणं अवघड. दोन प्लॉटमध्ये दोन-अडीचशे मीटर अंतर ठेवायचं, नाहीतर तुरे पुढेमागे येतील अशी पेरणी करायची. दोन आठवड्यांचा तरी फरक हवा.

त्याने तिसराच मार्ग काढला. शेजाऱ्यालाही स्वीट कॉर्न लावायला राजी केलं आणि मला फोन करून सांगितलं. मी विचारलं, "वाण कोणतं?" कारण गोडीचं कूळ एक नाही. 1953 मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या जॉन लॉफनन यांनी तिसऱ्या गुणसूत्रावरच्या वेगळ्याच जनुकाचा बिघाड गोड मक्यासाठी सुचवला. आजचे 'सुपरस्वीट' बहुतांशी त्या वंशाचे. या दोन कुळांचा संकर झाला की एकाकडे जे बिघडलेलं, ते दुसऱ्याकडे शाबूत असतं. दोन्ही कामं होतात आणि दोन गोड मक्यांच्या पोटी दाणा पिठूळ निघतो.

दोघांनी मग एकाच वाणाच्या पिशव्या आणल्या.