मट्टानचेरी : एका पेठेत नांदणारे अनेक मुलूख

कोचीच्या मट्टानचेरी पेठेत, सुंठ-मिऱ्यांच्या वखारींचा उग्र गंध ओलांडून ज्यू गल्लीच्या टोकाशी उभ्या असलेल्या, 1568 साली बांधलेल्या परदेशी सिनेगॉगमध्ये प्रवेश केला, की चीनमधून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या हस्तचित्रित फरश्यांवरच दृष्टी खिळते. शेजारी पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजास नजर केलेला आणि डचांनी दुरुस्ती केल्यामुळे ‘डच राजवाडा’ म्हणून ओळखला जाणारा प्रासाद आहे. त्यातील रामायणाची भित्तिचित्रे सावकाश पाहावीत, असा माझा आग्रह आहे. गुजराती व्यापाऱ्यांचे जैन मंदिर, कच्छी मेमनांची मशीद आणि, आपल्याला विशेष जिव्हाळ्याचे असे, पोर्तुगीज अंमलातील छळामुळे गोमंतक सोडून आलेल्या गौड सारस्वतांचे तिरुमल देवस्थान, हे सारे पायी हिंडण्याच्या टप्प्यात आहे. सिनेगॉग शनिवारी बंद असते. तेव्हा अन्य वार निवडावा.