मक्याचा दाणा मुरवा, उन्हाळ्याची बेगमी करा



गळीत हंगाम चालू असतो तोवर आपल्या निलंगा भागातल्या गोठ्यांत वाढ्यांना तोटा नसतो. मोळ्या येतात, ढोरं पोटभर खातात आणि आपणही निर्धास्त असतो. फड उठले की मात्र कडब्याच्या गंजीकडे डोळे लागतात. रब्बीची ज्वारी साधली नसेल तर गंजीही नसते. चैत्र-वैशाखात धार आटते, दुधाचे पैसे थांबतात आणि नाइलाजाने जनावर बाजारात न्यावे लागते. १९७२ च्या दुष्काळात हे झाले. २०१६ साली लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या सालीही झाले. बाजारात गेलेली देवणी गाय पाऊस पडल्यावर त्याच भावात परत मिळत नाही, हे सांगायला नको.

वैरण साठवण्याची रीत आपल्याला ठाऊक आहे. दाण्याची बेगमी मात्र राहून जाते. या लेखात मक्याचा दाणा मुरवून ठेवण्याची रीत दिली आहे. हिला दाण्याचा मुरघास म्हणावे.

वाढ्यात काय कमी पडते?

वाढ्याने पोट भरते, पण ताकद थोडी मिळते. त्यात प्रथिने कमी असतात. शिवाय वाढ्यात ऑक्झॅलेट नावाचे द्रव्य असते, ते जनावराच्या अंगी लागणारा चुना बांधून टाकते. म्हणून वाढ्यांबरोबर खनिज मिश्रण किंवा चुन्याची निवळी द्यावी असे पशुवैद्य सांगतात. दुभत्या जनावराला याउपर दाणा लागतोच. मक्याच्या दाण्यात साधारण ७० टक्के पिठूळ भाग असतो. दुधाची ताकद त्यातून येते.

मग सुका भरडाच का घालू नये? घालावा, त्यात वावगे काही नाही. पण दोन अडचणी आहेत. एक, खरिपाचा मका काढणीला येतो त्याच सुमारास परतीचा पाऊस गाठतो. कणसे भिजतात आणि बुरशी धरतात. खरेदीला १४ टक्क्यांच्या आत ओलावा लागतो, म्हणून ओल्या मालाचा भाव पडतो. दुसरी, सुका दाणा जनावराला पुरता पचत नाही, शेणातून दाणे जाताना आपण पाहतोच. दाण्यातल्या पिठाच्या कणांभोवती एका प्रथिनाचे जाळे असते. मुरताना ते जाळे सैल होते आणि तेच धान्य अधिक अंगी लागते.

पेवाचेच भावंड

यातले तत्त्व आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. ते पेवात ज्वारी घालून तोंड लिंपून टाकीत. आत हवा नाही म्हणून कीड नाही. पेव उघडल्यावर लगेच आत उतरू नये, हेही ते बजावून सांगत. मुरघासातही हवा कोंडायची असते, फरक एवढाच की माल ओला असतो. हवा नसली की दह्याला विरजण लागावे तसे आंबवणारे जिवाणू वाढतात, आम्ल तयार होते आणि त्या आम्लात माल टिकतो. वैरण आम्लात टिकवण्याच्या शोधाबद्दल फिनलंडचे शास्त्रज्ञ आर्टुरी विर्तानेन यांना १९४५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ढोरांच्या वैरणीला जगाने एवढा मान दिला आहे. अमेरिकेत ओला दाणा मुरवण्याची चाल जुनी आहे. ब्राझीलमध्ये सुक्या मक्यात पाणी घालून मुरवतात. आपल्यालाही दोन्ही रीती जमण्याजोग्या आहेत.

पहिली रीत : शेतातला ओला दाणा

घरचा मका असेल तर ही रीत सोयीची. कणसातला दाणा काढून त्याचे टोक नखाने खरवडावे. तिथे काळा ठिपका दिसला की दाणा भरला असे समजावे. या वेळी त्यात ३० ते ३५ टक्के ओलावा असतो. आठवडाभरात काढणी उरकावी. पुढे दाणा वाळत जातो आणि मुरायला पाणी पुरत नाही.

दाणे काढून भरडावेत. चाळणी मोठ्या भोकाची लावावी, बारीक चाळणीत ओला दाणा अडकून बसतो. दाणे काढणे जड जात असेल तर पाने सोलून अख्खे कणीस दांड्यासकट भरडले तरी चालते. त्यात चोथा जास्त येतो, ताकद थोडी कमी होते.

या रीतीचा ऊसवाल्याला आणखी एक फायदा आहे. दाणा शेतात वाळायची वाट पाहावी लागत नाही, म्हणून रान दोन-तीन आठवडे आधी मोकळे होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पूर्वहंगामी लागणीला हे दिवस मोलाचे असतात. अडचण अशी की सोयाबीनची काढणीही त्याच दिवसांत येते, मजूर मिळत नाही. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी दुसरी रीत धरावी.

दुसरी रीत : सुका भरडा आणि पाणी

मक्याची आवक भरपूर असते आणि भाव उतरलेला असतो तेव्हा कोरडा, स्वच्छ मका घ्यावा. तो आधी भरडावा, मग पाणी घालावे. १०० किलो भरड्याला ३० ते ३५ लिटर स्वच्छ पाणी लागते. सगळे एकदम ओतू नये. भरडा ताडपत्रीवर पसरून थोडेथोडे शिंपडत फावड्याने खालीवर करावा. मूठ आवळल्यावर गोळा बनावा, पण बोटांतून पाणी गळू नये.

भरताना दर वीतभर थराला पायाने किंवा धुमसाने घट्ट दाबावे. कोपऱ्यात पोकळी राहिली तर बुरशी तिथूनच सुरू होते. मळी, मीठ, युरिया यांची गरज नाही. भरण्याचे काम त्याच दिवशी संपवावे. तोंड बांधल्यावर ६० दिवस हात लावू नये.

भांडे ढोरांच्या संख्येवरून ठरवा

पुष्कळांचा मुरघास इथेच बिघडतो. दोनशे लिटरच्या पिंपात पावणेदोन ते दोन क्विंटल माल बसतो. दोन जनावरांना रोज पाच किलो काढले तर वरचा जेमतेम दोन सेंटिमीटरचा थर निघतो आणि पिंप महिनाभर उघडे राहते. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात तो माल तापून खराब होणार. म्हणून एक-दोन जनावरे असणाऱ्याने पिंपाच्या नादी लागू नये. जाड प्लॅस्टिकची पिशवी पोत्यात घालून ३५ किलोची गोणी भरावी. ती दोन जनावरांना आठवडाभर पुरते आणि बाकीच्या बंद राहतात. दहा-बारा जनावरे असतील तर पिंप वापरावे. गोण्या सावलीत, घुशी-उंदरांपासून जपून ठेवाव्यात. एक भोक पडले की ती गोणी वाया गेली समजावे.

हिशेब असा. दोन दुभत्या जनावरांना दिवसाला अडीच-अडीच किलो, म्हणजे पाच किलो. एप्रिल, मे, जून या तीन महिन्यांना साडेचार क्विंटल मुरघास, म्हणजे ३५ किलोच्या तेरा गोण्या. त्यासाठी सुका मका साधारण साडेतीन क्विंटल लागतो. साठ दिवस मुरायला हवेत, म्हणून जानेवारीअखेर भरणी झाली पाहिजे.

खाऊ घालताना

अडीच किलो मुरघास म्हणजे अंदाजे १ किलो ९०० ग्रॅम सुका भरडा. पहिल्या दिवशी अर्धा किलोच घालावा आणि दहा-बारा दिवसांत वाढवत न्यावा, तोही सकाळ-संध्याकाळ वाटून. एकदम जास्त घातला तर पोटात आम्ल वाढते, जनावर रवंथ सोडते, पातळ हगते आणि वेळप्रसंगी दगावतेही. मक्यात प्रथिने ९ टक्क्यांच्या आसपासच असतात, म्हणून जोडीला सोयाबीनची किंवा सरकीची पेंड हवी. आपल्या सोयाबीनच्या मुलखात ती दुर्मीळ नाही.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. दाण्याचा मुरघास वैरणीची जागा घेत नाही. कडबा, वाढे किंवा हिरवी वैरण पोटात गेलीच पाहिजे. वैरणीचा मुरघास करायचा असेल तर मका कणसासकट, दाणा अर्धा चिकात आणि अर्धा पिठात असताना कापावा. कणीस मोडून नुसते धांडे मुरवले तर त्यातला मुख्य माल आपणच बाहेर काढला असे होते.

चांगल्या मुरघासाला आंबूस, गोडसर वास येतो. काळपट, चिकट किंवा बुरशी धरलेला भाग फेकून द्यावा, गाभण जनावरापुढे तर टाकूच नये. बुरशी लागलेला मका मुरवल्याने सुधारतो हा गैरसमज आहे. बुरशीचे विष मुरून मरत नाही. ते गाईच्या पोटातून दुधात उतरते आणि ते दूध आपलीच लेकरे पितात.

यंदा कोणी एकदम तेरा गोण्या भराव्यात असे आमचे म्हणणे नाही. पन्नास किलो मका घ्यावा, दोन छोट्या गोण्या भराव्यात, साठ दिवसांनी उघडून वास घ्यावा आणि एका जनावराला घालून धार मोजावी. पटले तर पुढच्या साली वाढवावे. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि आपल्या तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना इथे शंका जरूर विचाराव्यात.