ड्रायरचा वीजखर्च ठरतो वॉशिंग मशीनमध्ये

कमी वीज खाणारा ड्रायर शोधणाऱ्याने आधी आपल्या वॉशिंग मशीनचा स्पिन किती आहे ते पाहावे. कपड्यातले एक लिटर पाणी वाफ होऊन जायला सुमारे २४ लाख जूल उष्णता लागते, म्हणजे विजेचे दोन तृतीयांश युनिट. तेच पाणी वाफ न करता पिळून काढले, तर ही उष्णता लागतच नाही. ७ किलो सुती कपडे मिनिटाला ८०० फेऱ्यांनी पिळले, तर त्यांत साधारण पाच लिटर पाणी उरते. १४०० फेऱ्यांनी पिळले, तर साडेतीन. दीड लिटरचा हा फरक हीटरच्या ड्रायरमध्ये उष्णतेने भरून काढायचा तर किमान एक युनिट जाते. स्पिनच्या मोटरला त्यासाठी लागणारी जादा वीज याच्या तुलनेत नगण्य असते. जास्त वेगाने कपडे चुरगळतात हे खरे आहे, पण ती अडचण मुख्यतः तलम आणि कृत्रिम धाग्यांच्या कपड्यांची. असे धागे मुळात पाणी कमी धरतात, तेव्हा त्यांना कमी वेग पुरतो. टॉवेल, चादरी, जीन्स यांना मात्र पूर्ण वेग द्यावा.

पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीसारख्या गावात तर उरलेले पाणीही फुकट वाळते. हा तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो आणि इथली हवा वर्षाचा बराच काळ कोरडी असते. ओल्या कापडालगतच्या हवेत वाफ जास्त आणि भोवतालच्या हवेत कमी, हा फरक जितका मोठा तितके कापड लवकर वाळते. वारा तो ओलसर थर सतत हटवत राहतो. याच कोरड्या हवेने उघड्यावरचे पाणी उडून जाते; या गावाने १९७० च्या दशकापासून पाझर तलाव आणि नालाबंदिस्तीतून पाणी जमिनीत मुरवले. दोरीवरच्या कपड्यांना मात्र तीच हवा उपयोगी पडते. यावर कोणी म्हणेल, शेतीपंपांना सौर वीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा सुरुवातीचा प्रकल्प याच गावात झाला; मग सूर्याच्या विजेवर ड्रायर चालवायला काय हरकत? हरकत अशी की सौर पॅनेल उन्हातल्या ऊर्जेचा जेमतेम पाचवा हिस्सा विजेत उतरवते. उन्हाची वीज करून त्या विजेची पुन्हा उष्णता करण्यात बाकीचे चार हिस्से वाया जातात. विहिरीचे पाणी उपसायला वीजच हवी. कपड्यांना दोरी चालते.

पण हा युक्तिवाद जुलैतल्या रत्नागिरीत किंवा मुंबईच्या बाल्कनी नसलेल्या घरात टिकत नाही, हे मान्य केले पाहिजे. हवाच वाफेने भरलेली असेल, तर कपडे दोन दिवस कुबट राहतात. तिथेही आधी खिडकी उघडी ठेवून पंखा लावून पाहावा: ३० वॅटचा बीएलडीसी पंखा आठ तासांत पाव युनिटही घेत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कपडे वाळत घालणे, पाऊस आला की धावत काढणे, हे काम बहुतेक घरांत बाईच्याच वाट्याला येते, आणि तिचे श्रम वीजबिलात दिसत नाहीत. ते वाचवण्यासाठी कोणी ड्रायर घेत असेल, तर त्याला उधळपट्टी म्हणणे अन्यायाचे आहे. मग निवड तरी नीट व्हावी.

हीटरवर चालणारा साधा ड्रायर गरम दमट हवा बाहेर सोडतो आणि वाफेत गेलेली उष्णता तिच्याबरोबर गमावतो. हीट पंपाचा ड्रायर ती हवा थंड नळ्यांवरून नेतो; वाफेचे पाणी होताना सुटणारी उष्णता पकडून पुन्हा ड्रममध्ये पाठवतो, म्हणून साधारण निम्म्या विजेत काम भागते. तो महाग असतो आणि वेळही जास्त घेतो, त्यामुळे वर्षातून चार-दोन आठवडेच लागणार असेल तर किमतीची भरपाई होणे कठीण. ड्रायरवर लिहिलेले किलो हे कोरड्या कपड्यांचे असतात. ८ किलोच्या वॉशिंग मशीनला ५ किलोचा ड्रायर जोडला, तर प्रत्येक पूर्ण भरलेली धुलाई दोनदा वाळवावी लागेल. ओलावा ओळखून आपोआप थांबणारा सेन्सर असावा, नुसता टायमर नको. धुणे-वाळवणे एकत्र करणारी काही यंत्रे वाफ थंड करायला नळाचे पाणी वापरतात. पाण्याची टंचाई सोसणाऱ्या तालुक्यात असे यंत्र घेण्याआधी ते वाफ थंड करायला पाणी वापरते का, हे दुकानदाराला नक्की विचारावे.