निराधार कुष्ठमुक्त आणि शासकीय साहाय्य : वरोऱ्याच्या संदर्भात

बेघर अपंगास शासकीय साहाय्य का मिळत नाही, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः शासनाच्या औदासीन्यात शोधले जाते. ते सर्वस्वी चुकीचे नाही. परंतु कुष्ठरोगाने घर सुटलेल्या मनुष्याचा विचार केल्यास अडचण अधिक खोलवर असल्याचे दिसून येते.

बाबा आमटे यांनी 1949 साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि 1951 साली तत्कालीन चांदा जिल्ह्यातील वरोरा येथे आनंदवनाचा आरंभ केला. त्या वेळी 1898 चा महारोग्यांविषयीचा कायदा रद्द झालेला नव्हता. उघड भीक मागणाऱ्या, किंवा निर्वाहाचे दृश्य साधन नसलेल्या रोग्यास पकडून कुष्ठालयात ठेवण्याची त्यात तरतूद होती. म्हणजे जी निराधारता आज अनुदानास पात्र ठरविते, तीच त्या कायद्यानुसार स्थानबद्धतेचे कारण होती. तो अखेर 2016 साली रद्द झाला.

त्याच वर्षीच्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने 21 प्रकारची अपंगत्वे मान्य केली असून त्यांत कुष्ठमुक्त व्यक्तीचा समावेश आहे. ही व्याख्या काळजीपूर्वक वाचण्याजोगी आहे. दृश्य विकृती नसली, तरी हातापायांची संवेदना गेलेला मनुष्यही तीत येतो. औषधाने जंतू नष्ट होतात. मेलेली मज्जा मात्र पूर्ववत होत नाही. हाताला चटका बसल्याचे ज्यास कळत नाही, तो कचेरीतील लेखनिकास धडधाकट दिसतो! शिवाय बहुतेक सवलतींसाठी किमान 40 टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. कुष्ठबाधितांचे अपंगत्व मोजण्यासाठी स्वतंत्र नियम करण्याचा विचार व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली सांगितले, ते यामुळेच.

यापुढचा अडसर निवासाचा. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी महाराष्ट्रात किमान 15 वर्षे वास्तव्य सिद्ध करावे लागते. शिधापत्रिका, मतदारयादी, तलाठ्याचा दाखला ही सारी साधने घराशी जोडलेली. आणि कुष्ठरोग्याचे प्रथम जाते ते घरच. अनेकदा कुटुंबाच्या शिधापत्रिकेतून त्याचे नावही जाते. अशा स्थितीत वसाहतीचे महत्त्व केवळ औषधोपचारापुरते राहत नाही. तेथे वर्षानुवर्षे राहणाऱ्यास एक पत्ता मिळतो, आणि त्यास ओळखणारे शेजारी मिळतात. परोपकाराच्या गौरवात ही गोष्ट आपल्या अभ्यासकांकडून बहुधा दुर्लक्षिली गेली आहे.

ओळख पटविण्याच्या यंत्रांनी प्रश्न नव्या रूपात उभा केला. व्रणांनी झिजलेल्या वा आखडलेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. अशा वेळी बुबुळाचा पर्याय सुचविला जातो. परंतु हा रोग डोळ्यांनाही ग्रासतो. आधार अधिनियमाच्या कलम 5 मध्ये अपंग व कायम निवासस्थान नसलेल्या व्यक्तींच्या नोंदणीसाठी विशेष उपाय योजण्याचे बंधन घातलेले आहे. अर्जदारासोबत तहसील कचेरीत जाणाऱ्या कार्यकर्त्याने हे कलम तोंडपाठ ठेवावे. नोंदणी झाली म्हणजे काम संपले, असेही नाही. अनुदान चालू राहण्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि फिरस्त्या मनुष्याचे अनुदान पुष्कळदा येथेच खंडित होते.