खालच्या श्रेणीतला स्टॉपर

महसुली दप्तरात तळोजे मजकूर आणि तळोजे पाचनंद अशा नावांनी ज्यांची नोंद आहे, ती पनवेल तालुक्यातील गावे आज एकीकडे औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक आणि धातूच्या कारखान्यांनी, दुसरीकडे सिडकोने वसविलेल्या उंच इमारतींनी आणि मध्ये सांडपाण्याने काळवंडलेल्या कासाडी नदीने वेढलेली आहेत. आणि या परिसराचा परिचय ज्यांना केवळ वर्तमानपत्रांतून होतो, त्यांना तेथील प्रदूषण आणि मध्यवर्ती कारागृह यांपलीकडे फारसे काही ठाऊक असण्याचा संभव नाही. परंतु जेथे पाळीवर काम करणारी तरुण माणसे हजारोंच्या संख्येने राहतात, तेथे फुटबॉलही राहतो, आणि तो नुसता करमणुकीपुरता नव्हे, तर पोटाचा एक घास मिळवून देणारा व्यवसाय म्हणून राहतो, हे तेथे माझे जाणे-येणे वाढल्यावर माझ्या ध्यानात आले.

ज्या खेळाडूविषयी मी येथे लिहीत आहे त्याचे नाव मी देत नाही. रविवारी तो कोठे असतो हे त्याच्या मुकादमास छापील अक्षरांत वाचावयास मिळणे त्याच्या हिताचे नाही. वय तिशीच्या आसपास, मूळ गाव कोल्हापूर, वास्तव्य तळोज्याच्या फेज एकमध्ये तिघांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोलीत, नोकरी ठेकेदाराच्या हजेरीपटावर, आणि मैदानावरची जागा बचावफळीच्या मध्यभागी, जिला आपल्याकडचे खेळाडू अजूनही ‘स्टॉपर’ असेच म्हणतात. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तालमींची नावे आहेत आणि फुटबॉलच्या संघांचीही. शाहू स्टेडियमवर या संघांची गाठ पडते तेव्हा साऱ्या पेठेची इभ्रत पणाला लागलेली असते. त्या वातावरणात हा वाढला, सोळाव्या-सतराव्या वर्षी गल्लीत त्याचे नाव झाले, आणि मुंबईतल्या एका कचेरीच्या संघाने त्याला निवड चाचणीस बोलावून ‘स्टायपेंड’वर घेतले. दोन-तीन मोसम खेळल्यावर खेळाडू कोट्यातून कायम करावयाचे, असा त्या संघाचा पूर्वापार शिरस्ता होता. परंतु त्याची पाळी येण्यापूर्वीच संघ मोडीत निघाला. परत जाऊन गल्लीला तोंड दाखवावयाचे नव्हते, म्हणून ओळखीच्या एका फिटरने त्याला तळोज्यास आणले.

आता तो मुंबईच्या लीगच्या खालच्या श्रेणीत खेळतो, आणि सामन्याच्या दिवशी त्याची तयारी मी जवळून पाहिली आहे. रातपाळी करून तो सकाळी येतो, चार तास झोपतो, आणि उठल्यावर जेवणाआधी घोटा बांधावयास बसतो. उजवा घोटा पूर्वी दोनदा आतल्या अंगाला वळलेला आहे. म्हणून पाय भिंतीला टेकवून काटकोनात धरावयाचा, आधी पातळ स्पंजाची पट्टी, मग पांढरा टेप घोट्याच्या आतल्या बाजूने टाचेखालून काढून बाहेरच्या बाजूस वर ओढून घ्यावयाचा, म्हणजे पाऊल आत वळू पाहील तेव्हा तो ताण त्याला आवरील. त्यानंतर आठाच्या आकड्याचे वेढे, आणि शेवटी टाच दोन्ही अंगांनी जखडणारी गाठ. टेप महाग असतो, म्हणून सरावाच्या दिवशी औषधाच्या दुकानातले साधे क्रेप बँडेज चालते आणि खरा टेप सामन्यासाठी राखून ठेवलेला असतो. हे काम इंग्लंडातील चौथ्या श्रेणीच्या क्लबातसुद्धा पगारी फिजिओ करतो. येथे ते खेळाडूने स्वतःच्या हाताने करावयाचे असते, आणि या माणसाचा हात त्यात इतका बसलेला आहे की बोलता बोलता, खाली न पाहता, तो सगळे वेढे पुरे करतो. “जास्त आवळलं तर बोटं बधिर हुत्यात, काका, सैल ऱ्हायलं तर बांधलंय कशाला?” एवढेच त्याचे त्यावर भाष्य.

पुढचा प्रवास पेंधरपासून बेलापूरपर्यंत मेट्रोने होतो. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी ही ११ स्थानकांची मार्गिका सुरू झाल्यापासून रिक्षा आणि बस यांची यातायात वाचली, आणि ती वाचल्यामुळे पाय मैदानावर थोडे ताजे पोहोचतात, असे तो गंभीरपणे सांगतो. बेलापुरास लोकल, वडाळ्यास गाडी बदलून वांद्रे, आणि तेथून नेव्हिल डिसूझांच्या नावाचे कृत्रिम हिरवळीचे मैदान. ज्यांच्या नावाने हे मैदान आहे त्यांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारताने तो सामना ४-२ असा जिंकला. ऑलिंपिकमध्ये तीन गोलांचा पराक्रम करणारे ते पहिले आशियाई खेळाडू होत. ते मुंबईचे होते, आणि टाटा व कॅल्टेक्स यांसारख्या कंपन्यांच्या संघांतून खेळत होते, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

दुपारच्या उन्हात त्या हिरवळीतील काळे रबरी कण इतके तापतात की बुटाच्या तळव्यातून धग वर येते. अशा मैदानावर स्टॉपरचे काम पाहावयाचे असेल तर चेंडूवरची दृष्टी काढून त्याच्यावर खिळवून ठेवावी लागते. कारण तो स्वतः चेंडूकडे फार थोडा वेळ पाहत असतो. प्रतिस्पर्धी आघाडीवीर खांदा कोणत्या बाजूस वळवतो, आपला डावा बचावपटू रेषेच्या मागे रेंगाळला आहे काय, गोलरक्षक किती पुढे आला आहे, याची तपासणी मान सतत इकडून तिकडे वळवून चाललेली असते, आणि तोंडाने अखंड हुकूम सुटत असतात: “चढा!”, “वेळ हाय!”, “माणूस!”. एका सामन्यात समोरचा आघाडीवीर जेमतेम एकोणीस वर्षांचा, वाऱ्यासारखा धावणारा होता. सरळ शर्यतीत आमच्या माणसाचा निभाव लागणे अशक्य. मध्यरेषेजवळ प्रतिपक्षाच्या हाफने मान खाली घातली आणि हात फाकविला. लांब पास येणार याची ती खूण. चेंडूला पाय लागण्यापूर्वीच हा वळून दोन पावले मागे सरकलेला होता. मुलगा चेंडू घेऊन आला तेव्हा सगळ्यांची अपेक्षा की आता हा पाय घालील; त्याने पाय घातलाच नाही. देह किंचित तिरका ठेवून, मुलाच्या उजव्या पायाची वाट बंद करीत, त्याने त्याला हळूहळू बाजूच्या रेषेकडे नेले, आणि तेथे जागा संपल्यावर मुलाने चेंडू जरा लांब टाकला, त्या क्षणी खांदा आत घालून चेंडू रेषेबाहेर घालविला. टाळी कोणी वाजविली नाही. “स्टॉपरला कोण बघत न्हाई, काका. चुकला की मग सगळी बघत्यात.” हे ज्ञान त्याला कोणत्याही प्रशिक्षण शिबिरात मिळालेले नाही, ते दहा-बारा मोसमांच्या मजुरीतून साठलेले आहे, आणि ते साठविण्याची किंमत देणारा कोणी नाही, हे मला मनापासून दुःखाचे वाटते.

पूर्वी ती किंमत देणारी एक व्यवस्था मुंबईत होती. रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ मध्ये सुरू झाली, हारवुड लीग १९०२ मध्ये. आरंभी गोऱ्या पलटणींचा असलेला हा खेळ पुढे गिरण्या, बँका, रेल्वे, जकात, पोलीस आणि खाजगी कंपन्या यांच्या संघांनी उचलून धरला. खेळाडू महिनाअखेरीस पगार घेत असे तो कारकून, कामगार किंवा शिपाई या नात्याने; दुपारी सरावासाठी सुट्टी, हंगामात सवलत, आणि गुडघा निकामी झाला तरी मस्टरवरचे नाव कायम. या पद्धतीत दोष होते. कचेरीच्या खुर्चीत विसावलेला खेळाडू पुष्कळदा खेळातही विसावत असे. परंतु ज्याच्या अंगात पहिल्या प्रतीचे कौशल्य नाही, तरीही जो उत्तम दुसऱ्या प्रतीचा खेळाडू आहे, त्याला आयुष्यभर उभे राहता येईल अशी जमीन तिने दिली. १९६२ मध्ये स्थापन झालेला महिंद्रांचा संघ २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीगचा विजेता ठरला, आणि २०१० मध्ये बंद करण्यात आला. मफतलाल, ऑर्के मिल्स ही एके काळी मुंबईच्या कूपरेज मैदानावर गाजणारी नावे त्यापूर्वीच इतिहासजमा झाली होती. २०१३ मध्ये क्लब परवान्याच्या अटी पुऱ्या न झाल्याने एअर इंडिया आणि ओएनजीसी आय-लीगबाहेर गेले. २००७ मध्ये निघालेला मुंबई एफसी २०१७ पर्यंतच टिकला. व्यावसायिकतेच्या नावाने जुनी जमीन काढून घेतली गेली, आणि तिच्या जागी जी नवी उभी राहिली ती फक्त वरच्या मजल्यावर.

इंग्लंडची गोष्ट येथे मुद्दाम सांगावयाची ती एवढ्यासाठी, की व्यावसायिकतेचे मूळ घर तेच. १८८८ मध्ये १२ क्लबांनी सुरू केलेली लीग आज चार श्रेणी आणि ९२ क्लब इतकी विस्तारली आहे, आणि त्यांच्याही खाली अर्धवेळ खेळाडूंच्या श्रेणींवर श्रेणी पसरलेल्या आहेत. खेळाडूंची संघटना १९०७ पासून आहे. आठवड्याला २० पौंडांची वेतनमर्यादा १९६१ मध्ये उठविण्यात आली ती तिच्याच झुंजीमुळे. जेमी वार्डी सोळाव्या वर्षी शेफिल्ड वेन्सडेकडून काढला गेला, कारखान्यात वैद्यकीय उपयोगाचे स्प्लिंट बनवीत बनवीत आठवड्याला ३० पौंडांवर स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्सकडून खेळला, हॅलिफॅक्स आणि फ्लीटवुड करीत २०१२ मध्ये लेस्टरला पोहोचला आणि २०१६ मध्ये देशाचा विजेता झाला. ही कथा जगभर सांगितली जाते. पण माझ्या दृष्टीने तिच्याहून महत्त्वाची आहे ती उलट दिशेने चालणाऱ्या शेकडो अप्रसिद्ध खेळाडूंची कथा, जे तिसाव्या वर्षानंतर दुसऱ्या श्रेणीतून तिसऱ्या, तिसरीतून चौथ्या श्रेणीत, आणि तेथून अर्धवेळ संघांत उतरत जातात, प्रत्येक पायरीवर थोडा कमी पगार घेतात, तरी करारनामा हातात असतो आणि शनिवारी कोणाला तरी त्यांची गरज असते. त्या पायऱ्याही अढळ नाहीत. ज्या बरी क्लबात १९९९ मध्ये आपला बायचुंग भुतिया गेला, त्या १८८५ मध्ये स्थापन झालेल्या क्लबाची २०१९ मध्ये पैशाच्या अव्यवस्थेमुळे लीगमधून हकालपट्टी झाली. पण एक पायरी ढासळली तरी शेजारी दुसरी होती.

कोल्हापूरच्याच अनिकेत जाधवने २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळून, पुढे २०१९ मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये तीन महिने सराव केला. मी आमच्या स्टॉपरला त्याविषयी विचारले तेव्हा त्याच्या बोलण्यात असूयेचा लवलेश नव्हता. “त्येचा पाय न्यारा हाय” असे म्हणून त्याने अनिकेतच्या धावण्याची लकब उठून करून दाखविली. त्याचा हिशेब निराळाच आहे. लीगच्या खालच्या श्रेणीत प्रवासखर्च आणि खाणे सुटते. खरा पैसा रात्रीच्या, दिव्यांखालच्या पाच-सात जणांच्या स्पर्धांत, जेथे आयोजक बक्षिसाची रोख रक्कम लावतात आणि संघमालक ठरावीक आकड्यावर खेळाडू नेतात. अशा छोट्या मैदानावर वळणे फार, गुडघ्यावर भार मोठा, आणि दुखापत झाली तर इलाज ज्याचा त्याने करावयाचा. दुसऱ्या दिवशी पाळीवर रुजू न झाल्यास हजेरी बुडते ती वेगळीच. म्हणून तो अशा स्पर्धा निवडून घेतो, आणि शिल्लक टाकलेली रक्कम गावी धाडतो.

वरच्या मजल्याचीही स्थिती भक्कम नाही. जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचा पुढील मोसम तहकूब असल्याचे जाहीर झाले आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबविले, तेव्हा ज्यांचे लक्षावधींचे करार होते तेही हवालदिल झाले. अशा वेळी तळोज्यासारख्या ठिकाणी काय होऊ शकते याचा विचार कोणीतरी करावयास हवा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करावयाचे असतात, आणि सातव्या परिशिष्टात ग्रामीण व ऑलिंपिक खेळांच्या प्रशिक्षणाचा स्पष्ट समावेश आहे. या एकाच औद्योगिक वसाहतीत मोठमोठ्या कंपन्यांचे कारखाने आहेत. त्यांनी या पैशातून एक मैदान आणि एक फिजिओ एकत्र मिळून दिला, मुलांना शिकवावयास जुन्या खेळाडूंना पगारावर नेमले, आणि स्वतःच्या खर्चाने आपापल्या कामगारांचा एकेक संघ उतरवून पाळी बदलून देण्याची हमी घेतली, तर पनवेलची स्वतंत्र लीग एका वर्षात उभी राहील. जवळच खारघरला सिडकोने फुटबॉलसाठी उत्तम मैदाने केली आहेत. परंतु मैदानापेक्षा दुर्मीळ वस्तू म्हणजे खेळणाऱ्याचा मोकळा वेळ, आणि तो देणे कारखानदाराच्याच हाती आहे.

सध्या हा स्टॉपर संध्याकाळी, पहिल्या पाळीच्या आठवड्यात, वसाहतीतल्या दहा-बारा मुलांना इमारतींमागच्या मोकळ्या भूखंडावर शिकवितो. फी पालकांनी ठरवावी, असा त्याचा नियम. मुलांना तो प्रथम चेंडू देत नाही. दोघांना समोरासमोर उभे करून एकाने वळावयाचे आणि दुसऱ्याने त्याच्या खांद्याकडे पाहून आधी ओळखावयाचे, असा खेळ खेळवितो, आणि चुकला त्याला, “पायाकडं बघू नगंस, पाय फसवतोय” असे सांगत राहतो. राष्ट्रीय महासंघाच्या डी परवान्याचा अभ्यासक्रम पुरा केल्यास शाळेत प्रशिक्षकाची नोकरी मिळण्याचा मार्ग खुला होईल, याची त्याला पूर्ण कल्पना आहे. त्यासाठी लागणारी सलग रजा ठेकेदाराकडे मागणारा अर्ज त्याने मला वाचावयास दिला. मी त्यातली शुद्धलेखनाची दोन स्थळे दुरुस्त केली आणि ‘घरगुती कारणास्तव’ हे शब्द खोडून तेथे ‘फुटबॉल प्रशिक्षणासाठी’ असे लिहावे, असे सुचविले. त्याने थोडा विचार केला आणि तसे लिहिले.