प्राध्यापक फॅरडे यांची मेणबत्ती

शाळेत साहित्य नाही, मग सामान्य विज्ञान शिकवावे कसे, ही तक्रार खेड्यातील शिक्षकांकडून वारंवार ऐकू येते आणि ती पुष्कळदा खरीही असते. परंतु साहित्याच्या अभावी पाठ नुसता वाचून दाखवावा व व्याख्या घोकून घ्याव्यात, हा जो प्रघात पडला आहे, तो मात्र अपरिहार्य नव्हे. मायकेल फॅरडे हे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. 1860-61च्या नाताळात त्यांनी मुलांपुढे सहा व्याख्याने दिली आणि त्या सर्वांना विषय घेतला एका साध्या मेणबत्तीचा. त्यांच्यापाशी उपकरणांची वाण होती असे नव्हे. तरीही मुलांच्या घरात रोज जळणारी वस्तू पुढे ठेवूनच आरंभ करावा, असे त्यांना वाटले.

फॅरडे यांचा जन्म 1791 सालचा. वडील लोहार; शाळेतील शिक्षण वाचन, लेखन व हिशेब एवढेच. पुस्तके बांधण्याच्या दुकानात उमेदवारी करताना हाती येणारी पुस्तके ते वाचीत. पुढे 1813 साली ते रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यक म्हणून लागले. विद्युतशास्त्रातील त्यांचे शोध सर्वश्रुत आहेत. येथे त्यांच्यातील शिक्षकाचाच विचार करावयाचा आहे.

मेणबत्ती पेटली की तिच्या माथ्यावर वितळलेल्या मेणाची लहानशी वाटी तयार होते. ही वाटी का होते? ज्योतीमुळे वर चढणारा हवेचा प्रवाह मेणबत्तीची कड थंड ठेवतो, म्हणून कड वितळत नाही आणि आतले मेण सांडत नाही. ते मेण वातीतून वर कसे चढते? पाण्याने भरलेल्या घंगाळाच्या काठावर पंचाचे टोक बुडवून ठेवले, तर पाणी चढून बाहेर ठिबकू लागते, तसेच हे. मेणबत्ती फुंकून विझविताच वातीतून पांढरी वाफ निघते. त्या वाफेला जळती काडी दाखविली, तर ज्योत उडी घेऊन वातीपर्यंत पोचते. म्हणजे जळते ते घट्ट मेण नव्हे, मेणाची वाफ. ‘ज्वलन’ हा शब्द फळ्यावर लिहिण्यापूर्वी मुलांनी एवढे पाहिलेले असेल, तर त्या शब्दाला काही अर्थ राहतो.

शेवटच्या व्याख्यानात फॅरडे मेणबत्तीवरून माणसाच्या श्वासाकडे वळले. शरीरातही एक प्रकारचे मंद ज्वलन चालते व दोहोंतून कार्बन डायऑक्साइड वायूच बाहेर पडतो, हे त्यांनी चुन्याच्या निवळीने दाखविले. माणूस दिवसाकाठी सुमारे सात औंस, म्हणजे जवळजवळ 200 ग्रॅम कार्बन अशा रीतीने जाळतो, असा हिशेबही त्यांनी मुलांना सांगितला.

हा प्रयोग कोणत्याही गावात होऊ शकतो, कारण पानाचा चुना सर्वत्र मिळतो. थोडा चुना भरपूर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवावा व वरची स्वच्छ निवळी बाटलीत काढून बूच घट्ट लावावे. एका पेल्यात निवळी घेऊन पपईच्या देठाच्या पोकळ नळीने तीत फुंकले, की ती दुधासारखी होते. जळत्या मेणबत्तीवर बरणी उपडी धरून, मग तीत निवळी घालून हलविली, तरी तेच घडते. निवळी डोळ्यांत वा तोंडात जाऊ नये म्हणून फुंकण्याचे काम शिक्षकांनी स्वतः करावे. फार वेळ फुंकत राहिल्यास दुधाळ पाणी पुन्हा नितळ होते, आणि एखादा चौकस मुलगा तेव्हा प्रश्न विचारतोच. त्याचे उत्तर असे, की चुनखडीचे कण जादा वायूमुळे पाण्यात विरघळणाऱ्या क्षारात पालटतात. विहिरीचे जड पाणी तापविताना हंड्यात बसणारा पांढरा थर ही याच्याच उलट क्रिया होय.

फॅरडे यांची ही दृष्टी व्याख्यानगृहापुरती नव्हती. 1855 साली थेम्स नदीतून आगबोटीने जाताना पाण्याची दुर्दशा पाहून त्यांनी पांढऱ्या कार्डाचे तुकडे ओले करून ठिकठिकाणी नदीत टाकले. लख्ख उन्हातही ते इंचभर बुडण्याच्या आत दिसेनासे झाले. ही हकीकत त्यांनी ‘टाइम्स’ पत्राला लिहून कळविली. मात्र गावच्या विहिरीवर ही कसोटी लावताना एक सावधगिरी अवश्य पाळावी. गढूळपणा कार्डाने दिसतो, कॉलऱ्याचे जंतू दिसत नाहीत. नितळ पाणी ते शुद्ध पाणी, ही समजूत गढूळ पाण्यापेक्षाही घातक ठरू शकते. म्हणून पाणी उकळणे किंवा त्यात योग्य प्रमाणात क्लोरीन घालणे याला पर्याय नाही.

त्यापूर्वी, 1853 साली, लंडनमध्ये टेबलावर हात ठेवून ते आपोआप फिरते असे दाखविण्याचे खूळ माजले होते. फॅरडे यांनी हात व टेबल यांच्यामध्ये मऊ लुकणाने चिकटविलेली कार्डे ठेवली. कार्डे टेबलाच्या पुढे सरकलेली आढळली. अर्थात हातच टेबलाला ढकलीत होते, ढकलणाराला मात्र त्याचा पत्ता नव्हता. हात सरकल्याचे दाखविणारा काटा समोर ठेवताच टेबल फिरायचे थांबले. आपल्याकडील प्लँचेटच्या वाटीचे रहस्यही असेच आहे. फॅरडे यांनी त्या मंडळींना लबाड ठरविले नाही, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. घरच्या समजुती घेऊन वर्गात येणाऱ्या मुलाशी बोलताना शिक्षकांना हाच मार्ग अधिक उपयोगी पडेल. हेटाळणी केली, तर मूल गप्प बसते आणि समजूत तशीच राहते.

एवढ्या ख्यातीचा हा वक्ता स्वतःच्या बोलण्याविषयी अत्यंत दक्ष असे. व्याख्यानाच्या वेळी त्यांच्यासमोर ‘हळू’ असे ठळक लिहिलेले एक कार्ड ठेवलेले असे आणि तास भरत आला, की त्यांचा साहाय्यक ‘वेळ’ असे दुसरे कार्ड पुढे करी.